कुडाळजवळ लाकडी घर बांधतोय: पाऊस, उकाडा आणि वाळवी यांचं एकत्र गणित

पागोळी

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या खोऱ्यात आमचं वडिलोपार्जित घर होतं. मातीच्या भिंती बसल्या, छप्पर उतरवावं लागलं, पण चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जोतं अजून खणखणीत आहे. त्याच जोत्यावर आता नवं घर उभं करायचंय आणि ते लाकडी करायचं ठरवलंय. खिडकीच्या तळापर्यंत चिरा, त्यावर लाकडी सांगाडा आणि फळ्यांच्या भिंती, वर कौलं. साधारण नऊशे चौरस फूट. एसी बसवायचा नाही, आणि त्याची गरजच पडू नये अशी रचना करायची.

गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्लॅब का नाय घालत?" म्हणून आधी त्याचं उत्तर मांडतो.

वाडीतली अलीकडे बांधलेली बहुतेक घरं स्लॅबची आहेत. एप्रिल-मेमध्ये त्यांत रात्री झोप लागत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि माणसं चटया घेऊन खळ्यात (अंगणात) येतात. पुढे चार पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागतो, मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवतात. म्हणजे एका घराला दोन छपरं, दोन्हींचा खर्च, आणि उकाडा तसाच.

पुण्या-सोलापूरकडे जाड दगडी, मातीच्या भिंती उत्तम चालतात, कारण तिथे उन्हाळ्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. दिवसा भिंतीने घेतलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत निघून जाते. आमच्याकडे मेमध्ये दुपारी ३४-३५ आणि पहाटे २५-२६. एवढ्याशा फरकात जाड भिंत पूर्ण निवतच नाही, दुसऱ्या दिवशीचं ऊन तिला पुन्हा गाठतं. शिवाय हवा दमट, घाम वाळत नाही. अशा ठिकाणी हलकी भिंत बरी, सूर्य कलला की लवकर निवते. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या साधारण दशांशानेच आत येते. मात्र हलक्या भिंतीवर थेट ऊन पडू देऊन चालत नाही. सावली आणि वारा, या दोन गोष्टींवर सगळी भिस्त.

आणि इथे कोकणातला खरा पेच येतो. पाऊस नैर्ऋत्येकडून, दुपारचं ऊन पश्चिमेकडून, आणि उन्हाळ्यातला सुखाचा वाराही समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच. त्या बाजूला भिंत घातली तर वारा गेला, मोकळं सोडलं तर झड थेट माजघरात. आमचा सध्याचा आराखडा असा आहे: नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात न्हाणी आणि कोठी, दोन्ही पूर्ण चिऱ्याच्या. तिथे माणूस फार वेळ बसत नाही, तेव्हा ऊन-पाऊस त्यांनी झेलावा. त्यापुढे वायव्येपर्यंत रुंद पडवी, पावसाळ्यात तिला झडी (पाऊस अडवणारे आडोसे) बांधायच्या. वारा पडवीतून माजघरात आणि समोरच्या पूर्वेच्या खिडक्यांतून बाहेर. भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा, तिला जाळी. आढ्याशी गरम हवा निघायला वाट. वळचण साडेतीन फूट बाहेर.

लाकूड निम्मं जुनं घेतोय, पाडलेल्या घरांचं. ऐन, किंजळ, फणस, थोडा साग. उरलेलं आमच्या आगरातल्या वठलेल्या फणसाचं निघेल. आमचे मेस्त्री वयस्कर आहेत, कौलारू घरांची कामं करत आलेत. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "लाकूड भिजला तरी चलात, पण सुकाक व्हया." मला वाटतं सगळ्या घराचं डिझाइन याच एका वाक्यावर बेतायला हवं.

आता माझे प्रश्न. भिंतीच्या फळ्या आडव्या लावू की उभ्या? तेल कोणतं? वाळवीसाठी जमिनीत रसायन ओतण्याशिवाय काय करता येईल? वादळाचं काय? आणि तुम्हाला काही मुळातच चुकतंय असं वाटलं तर तेही स्पष्ट सांगा.

उत्तररंग

छान धागा. मी नॉर्वेत पश्चिम किनाऱ्यावर राहतो. बर्गनमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथली बरीच घरं लाकडी आहेत. थंडी सोडली तर पावसाचे प्रश्न तुमच्यासारखेच, म्हणून लिहितो.

तुमच्या मेस्त्रींचं वाक्य इथल्या कुठल्याही सुताराला मान्य होईल. इथे बाहेरच्या फळ्या भिंतीला चिकटवून ठोकत नाहीत. आधी उभ्या-आडव्या पट्ट्या, त्यांवर फळ्या, आणि मागे इंचभर पोकळी. ही पोकळी खाली आणि वर उघडी. फळीच्या फटीतून पाणी आत गेलंच तर मागच्या बाजूने ओघळून खाली पडतं आणि वारा फळी दोन्ही अंगांनी वाळवतो. तोंडाला बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर आणि गांधीलमाश्या तिथेच बिऱ्हाड करतील.

झडीच्या बाजूला उभ्या फळ्या लावा. पाणी रेषांच्या दिशेने सरळ खाली जातं, आडव्या फळीच्या कडेवर साचत नाही. फळीचं खालचं टोक मात्र नाजूक असतं. लाकूड पाणी पितं ते टोकातून, अंगातून फार कमी. म्हणून खालचं टोक तिरकं कापायचं, थेंब बाहेरच्या कडेवरून सुटला पाहिजे. आणि फळी जमिनीपासून निदान फूटभर वर संपली पाहिजे. तुमचा चिरा खिडकीपर्यंत आहे म्हणजे हे आपोआप साधलंय.

इथल्या जुन्या लाकडी चर्चची गोष्ट तुमच्या कामाची आहे. आधीची चर्च खांब थेट जमिनीत पुरून बांधलेली होती, ती कुजून गेली. नंतरच्यांनी दगडाचा पाया केला, त्यावर आडव्या तुळया आणि त्या तुळयांवर खांब. उर्नेसचं चर्च ११३०च्या सुमाराचं आहे, अजून उभं आहे. अशी हजाराहून जास्त होती, आज २८ उरलीत. पण ज्यांची निगा राखली गेली त्यांचं लाकूड पाइनच्या डांबराचे हात घेत नऊशे वर्षं टिकलंय. हवा कोणतीही असो, खांबाचा पाय कोरडा राहिला की निम्मी लढाई जिंकलीच.

एक गोष्ट मात्र इथून उचलू नका. जर्मनीत १९९१ मध्ये डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस झालं. वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा तापवण्यात जाऊ नये, असं त्याचं माप. त्यासाठी घर हवाबंद करतात, जाड इन्सुलेशन भरतात आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा पडदा लावतात, कारण थंड देशात वाफ आतून बाहेर जाते. कोकणात एसी लावलेल्या खोलीत वाफ बाहेरून आत येते. तिथे हाच पडदा आतून लावला तर पाणी भिंतीच्या पोटातच जमेल आणि लाकूड आतून कुजेल, बाहेरून काही दिसणारही नाही. तुम्ही एसी लावत नाही, तेव्हा कुठलाच पडदा नको. भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी राहू दे.

आवाठ

मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. असल्याच घरात लहानाची मोठी झाले. तुमचा आराखडा वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरात चूल होती. तिचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर जायचा. वासे काळे कुळकुळीत झालेले, हात लावला तर काजळी लागायची, पण त्यांना कधी भुंगा लागला नाही. माळ्यावर सुकत घातलेली सोलं, बियाण्याची काकडी, नारळ, कशालाच कीड नाही. गॅस आल्यावर चूल न्हाणीघराच्या मागे गेली. आणि दहा वर्षांच्या आत वाशांतून पिवळा भुसा गळायला लागला. तेव्हा घरच्यांना वाटलं लाकूड जुनं झालं. लाकूड जुनं नव्हतं झालं, त्याचा धूर बंद झाला होता. (धुराने आईच्या डोळ्यांचे काय हाल व्हायचे तेही पाहिलंय, तेव्हा चूल परत आणा असं मी कुणाला सांगणार नाही.) पण धुराचं काम आता दुसऱ्या कशाने तरी करावं लागेल हे लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे माकडं. कौलं घालताय, फार सुंदर, पण आमच्या गावात लोकांनी कौलं काढून पत्रे घातले ते हौस म्हणून नाही. कळप छपरावरून उड्या मारत जातो आणि ऐन पावसात वीस-पंचवीस कौलं फुटतात. पूर्वी दरवर्षी मेमध्ये कौलं परतायला माणसं मिळायची. आता शोधून मिळत नाहीत. याची सोय आधी करा.

पागोळी

आवाठताई, माकडांचा मुद्दा एकदम बरोबर. आमच्याकडेही तीच कथा आहे. विचार असा आहे की वाशांवर आधी पातळ पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि रिपांवर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून वळचणीला जाईल, घरात येणार नाही. फुटलेलं कौल सवडीने बदलता येईल. शिवाय कौल आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळीतून वारा खेळला की पत्रा तापणार नाही. गोव्यात अशी छपरं पाहिलीत, आत दुपारी हात वर करून पाहिलं तर डोक्यावरची झळ जाणवत नाही.

धुराबद्दल जे लिहिलंत ते मेस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खरा हा."

भूमिती

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून वादळावर लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. त्यानंतर त्या पट्ट्यात मी बरीच पडझड पाहिली. चिऱ्याच्या भिंती बहुतेक शाबूत होत्या, छपरं गेली होती. आणि ती का गेली? छप्पर भिंतीवर नुसतं वजनाने बसलेलं होतं. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो. एरवी ते पुरतं. पण वारा वळचणीखालून वर उचलतो, त्याच वेळी छपराच्या वरून ओढतो, आणि एकदा चार कौलं उडाली की वजन कमी होतं आणि उरलेलं सगळं सुटं होतं.

तुमच्या घराला साडेतीन फूट वळचण आहे. ऊन-पावसासाठी ती हवीच, वादळात मात्र तीच वाऱ्याच्या हातात सापडते. त्यावर तीन गोष्टी करा. छप्पर दुपाखी न करता चौपाखी करा, वारा चारही बाजूंनी घसरून जातो आणि उघडी त्रिकोणी भिंत उरत नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपराचेच वासे लांबवून करू नका. ते वेगळं, थोडं खाली, स्वतःच्या तुळईवर घ्या. म्हणजे वादळात पडवी गेली तरी घर राहील. आणि वासा ते तुळई, तुळई ते खांब, खांब ते जोतं, अशी लोखंडी पट्ट्यांची आणि बोल्टची साखळी वरून खालपर्यंत अखंड हवी. एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या वाया. जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घाला, बोल्ट त्यात गाडा. लाकडी घरात सिमेंट नको असा हट्ट इथे धरू नका.

सांगाड्याच्या कोपऱ्यांत तिरपे आधार हवेत. नुसते उभे-आडवे चौकोन वाऱ्याने एका बाजूला कलतात. खिळे-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या. ऐन, खैर यांच्यात टॅनिन असतं, ओल्या लोखंडाशी ते काळे डाग पाडतं आणि खिळाही खातं.

आगीचं भय सगळे घालतील. जाड खांब मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने जळतो आणि वरचा कोळसा आतल्या लाकडाला वाचवतो. सहा इंची खांब अर्ध्या तासानेही भार पेलत असतो. धोका पातळ फळ्यांचा आणि वायरिंगचा. वायर कुठेही उघडी फळीला लागून नेऊ नका, आणि शेगडीमागची भिंत चिऱ्याची ठेवा.

एक खंत आहे ती लिहितो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठली. या सत्तावीस वर्षांत शिकलेल्या माझ्यासारख्या कित्येकांना लाकडाचं डिझाइन कुणी मनापासून शिकवलंच नाही. मेस्त्रींना सगळं हाताने येतं पण ते कागदावर मांडता येत नाही, आणि आम्हाला कागदावरचं येतं पण लाकूड ओळखता येत नाही. तुमच्या कामावर दोघांना एकत्र बसवा. आराखडा पाठवलात तर मी जोडणीचे तपशील काढून देईन, मोबदला नको.

हिशेबी

सगळं वाचलं. मनात शंका आहे ती विचारतो. झाडं तोडून बांधलेलं घर पर्यावरणाला चांगलं कसं? आणि दुसरं, व्यवहाराचं. माझ्या मेहुण्याने एका कंपनीकडून तयार लाकडी फार्महाउस आणून सह्याद्रीच्या पायथ्याशी बसवलं होतं. बाहेरून आणलेलं पाइन, वर चकचकीत पॉलिश. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या फळ्यांत बोट रुतायला लागलं. कंपनीने हात वर केले. त्यामुळे लाकडी घर म्हटलं की मला धडकी भरते.

शिवाय घराचा विमा उतरवताना फळ्यांच्या भिंती असतील तर विमावाले ते कच्चं बांधकाम धरतात. बँकही कर्ज देताना तोच प्रश्न काढते. हे आधी लेखी विचारून घ्या.

किंजळ

हिशेबी, तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत. मी वनशास्त्राचा माणूस, क्रमाने नाही पण जमेल तसं लिहितो.

पाइनचं आधी. पाइन थंड देशात टिकतं कारण तिथे वर्षातले कित्येक महिने बुरशीला आणि वाळवीला थंडी आवरते. आपल्याकडे तापमान बारा महिने बुरशीच्या सोयीचं, म्हणून एकच गोष्ट आपल्या हातात उरते: ओल. लाकडातलं पाणी वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. कोकणात पावसाळ्याच्या हवेतच लाकूड अठरा टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे हाताशी जेमतेम दोन टक्के. चकचकीत पॉलिशने बाहेरून पाणी अडतं हे खरं, पण त्याला एक बारीक चीर पडली की आत गेलेलं पाणी अडकून पडतं. तुमच्या मेहुण्यांचं घर पाइनमुळे अर्धं आणि पॉलिशमुळे अर्धं गेलं असावं.

आता झाडं. सुकलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो झाडाने हवेतूनच घेतलेला. घर उभं आहे तोवर तो भिंतीत राहतो. उलट टनभर क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं) भाजताना आठ-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण हा हिशेब लाकूड कुठून आलं यावर अवलंबून आहे. देवराईतला किंवा डोंगरावरचा जुना किंजळ पाडून बांधलेल्या घराला मी कधीच चांगलं म्हणणार नाही. पाडलेल्या घराचं लाकूड मात्र सर्वांत उत्तम. ते पन्नास-शंभर वर्षं सुकलंय, जे वाकायचं ते वाकून झालंय. विकत घेताना दोन गोष्टी बघा: टोकाला ठोकून आवाज खणखणीत येतो का, आणि कापण्याआधी लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे आहेत का.

स्वतःच्या मालकीचं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडू नका. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, चिंच ही सगळी येतात. पागोळी, तुमचा वठलेला फणसही त्यात आला. आधी वन खात्याकडे अर्ज, मग तोड, मग वाहतूक परवाना. जुनं लाकूड घेतानाही विकणाऱ्याकडून घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा कागद आणि पावती घ्या, रस्त्यात ट्रक अडवला तर तोच कामाला येतो.

फणसाची निवड चांगली आहे. त्याचं पिवळं गाभ्याचं लाकूड वाळवीला फारसं रुचत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र काढून टाकायचा, तो कोणत्याही झाडाचा असो. सागाचाही. "सागवान आहे, काही होत नाही" म्हणून फिकट फळ्या गळ्यात मारल्या जातात आणि दोन वर्षांत भुसा होतात. आंब्याचं लाकूड आत कपाटांना वापरा, बाहेर नको. ऐन भक्कम आहे पण सुकताना तडकतो, त्याच्या रुंद फळ्या करू नका, खांब-तुळया करा. वाशांसाठी माडाच्या खोडाचा बाहेरचा कठीण भाग किंवा भेरली माड, आणि रिपांना पोफळ, हे तुमच्या मेस्त्रींना सांगायची गरज नसेल.

आतल्या आडभिंतींना बांबू विचारात घ्या. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो. २०१७ साली भारतीय वन कायद्यातून बांबूला झाडाच्या व्याख्येबाहेर काढलं, त्यामुळे खाजगी जमिनीवरच्या बांबूला ती अडचण राहिली नाही. कुडाळलाच कोनबॅक ही संस्था २००४ पासून बांबूवर काम करते, तिथे प्रक्रिया कशी करतात ते प्रत्यक्ष बघून या. बोरिक अ‍ॅसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, पाण्यात विरघळवून त्यात बांबू बुडवून ठेवतात. आवाठताईंनी सांगितलेलं धुराचं काम हे मिश्रण करतं. माणसाला फारसा त्रास नाही, किडीला पचत नाही. वाशांनाही चालतं. फक्त ते पाण्यात धुऊन जातं, म्हणून पावसाखाली येणाऱ्या फळीला त्याचा उपयोग नाही. छपराखालीच वापरायचं.

पागोळी

किंजळ, फिकट भाग काढायचं तुम्ही सांगितलंत आणि कालच आणलेल्या सागाच्या फळ्या पुन्हा तपासल्या. बऱ्याच फळ्यांना एका कडेला दोन बोटं फिकी पट्टी आहे. ती कापायला लावतो.

बाहेरच्या फळ्यांच्या तेलाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. जवसाचं तेल म्हणतात सगळे.

आवाठ

जवसाचं नको हो. आमच्या दारांना लावलं होतं, एका पावसाळ्यात काळी बुरशी धरली, पुसली तरी परत येते. आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात तेच बाहेरून लावा. लाकूड काळपट तांबडं होतं, पण कीड फिरकत नाही. मात्र हातमोजे घालूनच. ते बिब्ब्यासारखं उततं, लावणाऱ्या माणसाला आधी नीट सांगा, तोंडाला तेलकट हात लागला तर आठवडाभर सूज उतरत नाही. आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात लावायचं, फळ्या पुऱ्या वाळल्यावर. मेमध्ये लावलं की वाळायच्या आत पाऊस येतो.

सांजवारा

मी आर्किटेक्ट आहे. वाळवीचा प्रश्न राहिलाय आणि "गावाला शोभेल" हाही, म्हणून दोन्हींवर लिहिते.

वाळवीला अंधारा, ओला, अखंड मार्ग लागतो. तो तोडणं हे खरं काम. जुन्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, ते फक्त शोभेसाठी नाही. तुमच्या चिऱ्यावर सांगाडा जिथे टेकतो तिथे मध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी घाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर काढून कडा खाली वळवलेली. वाळवी पत्रा फोडू शकत नाही, तिला वळसा घालून बाहेरून मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी दिसते. दिसली की झाडून टाकायची. म्हणजे रसायनाची जागा नजर घेते. जोत्याभोवती फूटभर रुंद पट्टा मोकळा ठेवा, तिथे ना झाडं, ना सरपणाचे ढीग. घरांना वाळवी लागते त्यातली कितीतरी भिंतीला टेकवलेल्या लाकडाच्या मोळीतून येते. चिऱ्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा ओल शोषतो आणि सोडतो, गिलाव्यामागे ती कोंडते आणि वर फळीपर्यंत चढते. चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) चुन्याने भरा, बस.

आता शोभण्याबद्दल. फार लोक येतात आणि म्हणतात, "आम्हाला अस्सल जुन्या कोकणी पद्धतीचं घर हवं." पण ज्याला आपण अस्सल कौलारू म्हणतो ते मंगलोरी कौल बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनायला लागलं. त्याआधी गावात नळे (अर्धगोल कौलं) होते, गवत होतं, झाप (विणलेल्या झावळ्या) होते. गाव काही एका दिवशी घडवून फोटोसारखं लटकवलेलं नाही. त्यामुळे कौलाखाली पत्रा घातला, खांबाखाली बोल्ट घातला तर ते घर गावाला परकं होत नाही. परकं होतं ते चुकीच्या उंचीने, चुकीच्या उताराने, गडग्याऐवजी पांढऱ्या कंपाउंड वॉलने, आणि खळं फरशीने झाकून टाकल्याने. शेजारच्या घरांच्या वळचणी जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजा आणि त्याच उंचीला तुमची आणा. छपराचा उतार तीस अंशांच्या आसपास, गावातल्यासारखाच. एवढ्याने घर वाडीत मिसळून जाईल. आणि कमी उंचीची वळचण म्हणजे भिंतीवर ऊनही कमी.

फळ्या काळ्या-राखाडी होतील, त्या होऊ द्या. मला तरी आंब्या-फणसांच्या सावलीत तोच रंग सर्वांत चांगला दिसतो.

हिशेबी

किंजळ, सांजवारा, धन्यवाद. माझी भीती बरीच कमी झाली. विजेचं काय ठरवलंय? प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं.

पागोळी

सोलर नक्की घेणार, पण कौलांवर नाही. कौलांना भोकं पाडून रॉड उभे करायचे म्हणजे गळतीला आमंत्रण. मांगराचं (घरामागच्या शेडचं) छप्पर पत्र्याचं आहे आणि दक्षिणेला उतरतं, तिथे बसेल. तरी आधी गरजच कमी ठेवतोय. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीस वॅटच्या आसपास, आणि अंगावर वारा असला की तापमान दोन-तीन अंशांनी कमी वाटतं. माजघरात दोन काचेची कौलं, म्हणजे दिवसा दिवा नको. काचेच्या कौलातून ऊनही येतं म्हणून ती उत्तरेच्या पाखीत. उरलेली वीज म्हणजे फ्रिज आणि पंप.

विम्याबाबत तालुक्याच्या शाखेत लेखी विचारलंय. कर्ज घेत नाहीये.

शेवटचा एक प्रश्न किंजळ यांना. आतल्या तक्तपोशीच्या (छपराखालच्या लाकडी छताच्या) फळ्या फणसाच्या करायच्या आहेत. मेस्त्री म्हणतात फळ्यांमध्ये फट ठेवायची, शेजारचे म्हणतात फट ठेवली की झुरळं-पाली. कोणाचं ऐकू?

किंजळ

मेस्त्रींचं. सहा इंच रुंद सागाची फळीसुद्धा मे ते ऑगस्ट साधारण दोन मिलिमीटर फुगते, फणस थोडा जास्तच धरा. पंधरा फुटांच्या खोलीत अशा तीस फळ्या. मेमध्ये घट्ट बसवल्यात तर ऑगस्टमध्ये साठ मिलिमीटर जागा कुठून येणार? एक तर तक्तपोशी मधोमध उचलली जाईल, नाहीतर कडेची तुळई ढकलली जाईल. फळ्या टंग-ग्रूव्ह करा, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. खाच फट झाकते, म्हणजे पाली दिसणार नाहीत आणि फळीला हलायला जागा राहील. खिळा प्रत्येक फळीला एकाच कडेला मारा, दोन्ही कडांना मारलात तर फळी मधून चिरेल. आणि काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात करा. तेव्हा लाकूड मधल्या स्थितीत असतं, दोन्हीकडचा ताण निम्मा होतो.

फणस कापायची परवानगी आली की लगेच फळ्या पाडून घ्या, ओंडका पडून राहिला की भुंगा लागतो. फळ्या पाडल्या त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट फासा, नाहीतर टोकं आधी सुकून हातभर आत चिरा जातील. मग मांगरात, जमिनीपासून दीड फूट वर, प्रत्येक थरामध्ये इंचाच्या पट्ट्या घालून रचा, पट्ट्या एकाखाली एक नेमक्या आल्या पाहिजेत. वर वजन ठेवा. इंच जाडीला एक वर्ष असा ठोकताळा आहे, तेव्हा तक्तपोशी यंदा नको, पुढच्या नोव्हेंबरात बसवा. तोवर खालून कौलं दिसली तर बिघडत नाही.

पागोळी

चालेल. यंदा सांगाडा, छप्पर आणि बाहेरच्या फळ्या, त्या जुन्या लाकडाच्याच आहेत. तक्तपोशी पुढच्या वर्षी. भूमिती, तुम्हाला आराखडा व्यनि केलाय. पडवीचं छप्पर वेगळं करून आणि चौपाखी करून नव्याने काढलाय, तुळई-खांबाच्या जोडाचं तेवढं बघा.

भूमिती

मिळाला. पडवीची तुळई मुख्य खांबांना खाचेत बसवलेली दिसते, ती खाच नको. खांब तिथेच कमजोर होईल. खांबाला बाहेरून लाकडी ठोकळा बोल्टने जोडा आणि तुळई त्यावर टेकवा. बोल्टखाली मोठे चौकोनी वॉशर, किमान दोन इंची. नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की बोल्टचं डोकं आत रुततं आणि उन्हाळ्यात जोड ढिला पडतो. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यायचे, हे मेस्त्रींना आत्ताच सांगून ठेवा. बाकी तपशील रविवारपर्यंत पाठवतो.